व्हर्टिकल अ‍ॅक्सिस टर्बाइन: कोड म्हणतो ०.४२, गच्चीवर मिळतंय ०.१३, मग चूक शोधायची कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फायनल इयरच्या चौघांनी मिळून तीन ब्लेडचा एच-रोटर (उभ्या अक्षाभोवती सरळ उभी ब्लेड फिरणारी पवनचक्की) बनवलाय. व्यास १.२ मीटर, उंची १.५ मीटर, ब्लेडची कॉर्ड (रुंदी) १२ सेंटिमीटर, एअरफॉइल (ब्लेडच्या छेदाचा आकार) नाका ००१८, प्रत्येक ब्लेडला शाफ्टशी जोडणारे दोन आर्म आणि आर्म म्हणजे २० मिलिमीटरचा गोल पाइप. पायथनमध्ये डबल मल्टिपल स्ट्रीमट्यूबचा (रोटरमधून जाणारा वारा समांतर नळ्यांत वाटून हिशोब करणारा) कोड लिहिलाय, तो ६ मीटर प्रति सेकंद वाऱ्याला लॅम्डा (ब्लेडचा वेग भागिले वाऱ्याचा वेग) २.५ वर सीपी (वाऱ्यातल्या पॉवरपैकी रोटरला मिळणारा भाग) ०.४२ देतो, लॅम्डा २ वर ०.३६. प्रत्यक्षात गच्चीवर लावल्यावर जास्तीत जास्त ०.१३ मिळालं, तेही लॅम्डा १.८ च्या आसपास, आणि हाताने ढकलल्याशिवाय रोटर सुरूच होत नाही. गाईड म्हणतात सीएफडी (हवेच्या प्रवाहाचं कॉम्प्युटर सिम्युलेशन) करा म्हणजे कळेल. तर चूक कुठे?

सगळ्यात आधी एक सांगतो, सीएफडीला आत्ता हात लावू नका. तुमच्या कोडमध्ये एखाददुसरी चूक असेलही, त्या कुठे लपतात ते खाली सांगतोच, पण ०.४२ चं ०.१३ होण्याचं मोठं कारण कोडच्या गणितात नाहीये, कोडला तुम्ही जे दिलं आणि जे दिलंच नाही त्यात आहे. मी बरीच वर्षं याच कामात आहे आणि दरवेळी हेच दिसतं की लोक स्ट्रीमट्यूब चांगलं की व्हॉर्टेक्स (भोवऱ्यांवर आधारलेलं मॉडेल) चांगलं यावर महिनोन्महिने वाद घालतात आणि एअरफॉइलचा डेटा मात्र पाच मिनिटांत कुठूनतरी उचलून टाकतात, आर्मचा तर विचारच नसतो.

आर्मपासूनच सुरुवात करू, कारण ते कागदावर दहा मिनिटांत निघतं. लॅम्डा २.५ आणि वारा ६ म्हणजे ब्लेडचा वेग १५ मीटर प्रति सेकंद, त्रिज्या ०.६ म्हणजे ओमेगा २५ रेडियन प्रति सेकंद, साधारण २३९ आरपीएम. आर्मच्या प्रत्येक छोट्या तुकड्यावरचा ड्रॅग (हवेचा अडथळा) त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्या ड्रॅगला लागणारी पॉवर घनाने, मग मध्यापासून टोकापर्यंत इंटिग्रेट केलं की एका आर्मची पॉवर येते: हवेची घनता गुणिले ड्रॅग कोएफिशंट गुणिले पाइपची जाडी गुणिले ओमेगाचा घन गुणिले त्रिज्येचा चौथा घात, भागिले ८. घनता १.०९ घ्या (पुण्याच्या उंचीवर ३० अंशाला तेवढीच असते, १.२२५ ही समुद्रसपाटीची, तुमच्या कोडमध्ये तीच आहे हेही बघून घ्या). गोल पाइपचा ड्रॅग कोएफिशंट या वेगाला १.२ च्या आसपास. उत्तर येतं एका आर्मला साधारण ६.६ वॅट. आर्म सहा. म्हणजे जवळपास ४० वॅट! आता तुमच्या रोटरसमोरच्या वाऱ्यात एकूण पॉवर आहे किती तर १.८ चौरस मीटर क्षेत्रफळाला ६ च्या वाऱ्यात सुमारे २१२ वॅट. म्हणजे नुसत्या आर्मनी सीपीतून ०.१९ खाऊन टाकलं. ०.४२ चे राहिले ०.२३, आणि यात वारा धरलेलाच नाही, फक्त स्थिर हवेत आर्म फिरवायला लागणारी पॉवर आहे, वाऱ्यात सरासरी अजून थोडी जास्तच लागते.

आणि हा तोटा लॅम्डाच्या घनाने वाढतो हे नीट लक्षात घ्या कारण तुमचं पीक लॅम्डा १.८ वर का सरकलं याचं उत्तर त्यातच आहे. लॅम्डा २ ला हाच तोटा ०.०९६ होतो. तुमच्याच ग्राफवर लॅम्डा २ ला ०.३६ आहे, त्यातून ०.०९६ गेले की ०.२६ उरतं, म्हणजे २.५ पेक्षा जास्त. नुसता आर्मचा ड्रॅग टाकला की कर्व्हचं शिखर आपोआप डावीकडे येतं आणि खाली येतं, जे तुम्हाला गच्चीवर दिसलं तसंच. पाइपच्या जागी स्ट्रीमलाइन सेक्शन घातलं, जाडी तीच २० मिलिमीटर, तर जाडीवर धरलेला ड्रॅग कोएफिशंट ०.१५ च्या घरात येतो आणि ४० वॅटचे ५ वॅट होतात. पाइपवर फोम किंवा पातळ पत्र्याचं फेअरिंग चढवा, दोन दिवसांचं काम आहे, अख्ख्या प्रोजेक्टमध्ये याच्याइतका फायदा दुसऱ्या कशातच मिळणार नाही. आर्म आणि ब्लेड जिथे जोडलेत तिथली नटबोल्टची गर्दी पण झाका, ती सगळ्यात जास्त वेगाच्या जागी आहे.

आता एअरफॉइल डेटा. तुमचा रेनॉल्ड्स नंबर (ब्लेडवरचा प्रवाह कसा वागेल ते सांगणारा आकडा, वेग गुणिले कॉर्ड भागिले व्हिस्कॉसिटी) काढा. १५ मीटर प्रति सेकंद, कॉर्ड ०.१२, हवेची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी १.६ गुणिले दहाचा उणे पाचवा घात, येतात सुमारे १,१२,०००. पण हे सरासरी, ब्लेड वाऱ्याच्या विरुद्ध समोर जातं तेव्हा आणि वाऱ्याबरोबर परत येतं तेव्हा सापेक्ष वेग २१ पासून ९ पर्यंत बदलतो म्हणून एकाच फेऱ्यात रेनॉल्ड्स दीड लाखाच्या वरून ६७,००० पर्यंत खाली जातो. अमेरिकेत सँडिया या राष्ट्रीय प्रयोगशाळेचं टेक्ससमध्ये बुशलँडला ३४ मीटर व्यासाचं जे टेस्ट बेड होतं त्याचा रेनॉल्ड्स काही दशलक्षांत होता, तिथले आकडे वाचून आपल्या मशीनकडून तीच अपेक्षा ठेवली तर निराशाच होणार. दशलक्षाच्या वर एअरफॉइल सभ्यपणे वागतं, एक लाखाला नाही. बाउंडरी लेयर (ब्लेडला लागून वाहणारा हवेचा पातळ थर) लॅमिनार, म्हणजे शांत, राहतो, सुटतो, कधी परत चिकटतो कधी नाही, ००१८ सारख्या जाड सिमेट्रिक सेक्शनला या भागात शून्य अंशाजवळची लिफ्टची (प्रवाहाला काटकोनातल्या बळाची) रेषासुद्धा सरळ राहत नाही, ड्रॅग चांगलाच वाढतो आणि स्टॉल (कोन वाढल्यावर हवा ब्लेडवरून सुटून लिफ्ट पडणं) लवकर येतो.

तुम्ही पोलर (कोणत्या कोनाला लिफ्ट आणि ड्रॅग किती याचे टेबल) कुठून घेतले ते लिहिलं नाहीत पण मला खात्री आहे की शेल्डाल आणि क्लिमस यांचा सँडियाचा १९८१ चा रिपोर्ट असणार, कारण ० ते १८० अंशांचा तयार टेबल म्हटलं की सगळे तोच घेतात, मीही सुरुवातीला घेतला होता. चांगला रिपोर्ट आहे, पण त्याची प्रस्तावना वाचा. विंड टनेलमध्ये मोजलेली सेक्शन्स त्यात ०००९, ००१२, ००१२ चंच एक सुधारित रूप आणि ००१५ एवढीच आहेत. ००१८, ००२१ आणि ००२५ हे कॉम्प्युटर प्रोग्रामने काढून मग मोठ्या कोनांना जोडलेले आहेत. आणि टनेलमधली मोजणी लाखांच्या वरच्या रेनॉल्ड्सची, खालच्या रेनॉल्ड्सचे आकडे गणिताने उतरवलेले. म्हणजे ज्या टेबलवर तुमचा ०.४२ उभा आहे तो तुमच्या एअरफॉइलला तुमच्या रेनॉल्ड्सला कोणी मोजलेलाच नाहीये. ००१८ साठी डेल्फ्टमध्ये टिमर यांनी केलेली मोजणी २००८ मध्ये छापून आलीय, दीड लाखापासून दहा लाखांपर्यंतची, ती शोधा आणि दीड लाखाचा कर्व्ह तुमच्या टेबलवर ठेवून बघा, फरक डोळ्यांना दिसेल.

त्याखालच्या रेनॉल्ड्ससाठी एक्सफॉइल (एअरफॉइलची लिफ्ट-ड्रॅग काढणारा प्रोग्राम) चालवा. एन-क्रिट (येणारी हवा किती शांत ते सांगणारा आकडा) ९ हे सर्वसाधारण टनेलसाठी असतं, गच्चीवरच्या घुसळलेल्या वाऱ्याला ४-५ ठेवा आणि ९ लाही एकदा चालवा म्हणजे किती हलतंय ते कळेल. स्टॉलच्या पुढे एक्सफॉइलवर विश्वास ठेवू नका, तिथून पुढे व्हिटेर्ना किंवा माँटगोमेरी पद्धतीने ३६० अंशांपर्यंत ओढायचं, क्यूब्लेड या टर्बाइन सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आहेत. आणि एकच पोलर नको, ४०,००० पासून दोन लाखांपर्यंत पाच-सहा पोलर घ्या आणि प्रत्येक थीटाला (फेऱ्यात ब्लेड कुठे आहे त्या कोनाला) स्थानिक रेनॉल्ड्सप्रमाणे इंटरपोलेट करा. बरेच कोड सरासरी रेनॉल्ड्सचा एकच टेबल वापरतात, मोठ्या मशीनला चालून जातं, तुमच्या मापाला नाही चालत.

आता अँगल ऑफ अटॅक, म्हणजे अल्फा, ब्लेड आणि त्यावर येणारी हवा यांतला कोन. थीटा शून्य म्हणजे ब्लेड सरळ वाऱ्याच्या तोंडावर जातंय असं धरलं तर अल्फाचा टॅन म्हणजे साइन थीटा भागिले लॅम्डा अधिक कॉस थीटा. यातून सगळ्यात मोठा अल्फा निघतो तो एक भागिले लॅम्डा याचा साइन-इनव्हर्स. लॅम्डा ५ ला ११.५ अंश, ३ ला १९.५, २.५ ला २३.६ आणि २ ला ३०. रोटर वारा अडवतो त्यामुळे ब्लेडपर्यंत पोचणारा वारा कमी असतो, समजा ०.७ पट, तर २.५ चा स्थानिक लॅम्डा ३.६ च्या जवळ होतो आणि कोन १६ वर येतो. तरीसुद्धा तुमच्या रेनॉल्ड्सला स्टॉलच्या पलीकडेच. म्हणजे प्रत्येक ब्लेड प्रत्येक फेऱ्यात स्टॉलमध्ये जातं आणि बाहेर येतं, सेकंदाला चार वेळा.

इथे डायनॅमिक स्टॉल येतो. कोन झपाट्याने वाढत असला की फ्लो लगेच सुटत नाही, स्टॅटिक स्टॉलच्या बऱ्याच पुढेपर्यंत लिफ्ट वाढत राहते, मग पुढच्या कडेवर एक भोवरा तयार होतो, तो ब्लेडवरून मागे सरकेपर्यंत लिफ्ट भरपूर मिळते आणि तो निघून गेला की लिफ्ट कोसळते, आणि कोन कमी झाला तरी फ्लो परत चिकटायला वेळ घेतो. म्हणून वर जाताना वेगळा कर्व्ह आणि खाली येताना वेगळा. हे महत्त्वाचं आहे की नाही ते रिड्यूस्ड फ्रिक्वेन्सीवरून कळतं, आपल्या बाबतीत ती ढोबळमानाने कॉर्ड भागिले व्यास, म्हणजे ०.१. ०.०५ च्या वर गेलं की अनस्टेडी धरायलाच हवं, म्हणजे तुम्हाला सूटच नाही. गॉर्मोंटचं मॉडेल कोडमध्ये टाकायला सगळ्यात सोपं, पण ते हेलिकॉप्टरच्या ब्लेडसाठी बनलेलं, तिथे कोन एवढे वाढत नाहीत, म्हणून ते आपल्याकडे लिफ्ट जास्त सांगतं. मासे आणि नंतर बर्ग यांनी ते कमी करणारी सुधारणा दिली ती घ्या. लीशमन-बेडोज जास्त नीट आहे पण त्यातले टाइम कॉन्स्टंट ज्या एअरफॉइलवर बसवलेत ते आणि तुमचं वेगळं, त्यामुळे फायनल इयरला गॉर्मोंट-बर्ग पुरे. एक मात्र करा, डायनॅमिक स्टॉल चालू आणि बंद असे दोन्ही कर्व्ह रिपोर्टमध्ये दाखवा, खरं उत्तर बहुधा त्या दोघांच्या मधे कुठेतरी असतं.

फ्लो कर्व्हेचरबद्दल फार लोक बोलत नाहीत म्हणून थोडं थांबतो. ब्लेड सरळ रेषेत जात नाही, गोल फिरतं, म्हणून ब्लेडवर बसून बघितलं तर हवा वाकडी येते. तुमच्या केसमध्ये कॉर्ड भागिले त्रिज्या ०.२, म्हणजे पुढच्या कडेला आणि मागच्या कडेला हवेची दिशा साडेअकरा अंशांनी वेगळी आहे! सरळ ब्लेड गोल हवेत ठेवणं आणि वाकलेलं ब्लेड सरळ हवेत ठेवणं हे सारखंच, त्यामुळे तुमचं सिमेट्रिक ००१८ हे प्रत्यक्षात आतल्या बाजूला फुगलेलं, अडीच टक्के कॅम्बरचं एअरफॉइल असल्यासारखं वागतं. १२ सेंटिमीटर कॉर्डवर ३ मिलिमीटरचा बाक. मिग्लिओरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास हे नीट मांडलं. याने पुढच्या अर्ध्या भागात लोड वाढतो आणि मागच्या अर्ध्यात कमी होतो. आणि दुसरी गोष्ट अशी की ब्लेड वर्तुळाला स्पर्श कुठे करतं, कॉर्डच्या पाव भागावर की मध्यावर, यानेच साधारण ३ अंशांचा पिच (ब्लेड बसवण्याचा कोन) बदलतो. तुम्ही आर्मचा बोल्ट कुठे मारलाय? ते ड्रॉइंगमध्ये नाही, फोटोतही नीट दिसत नाही. मोजा आणि कोडमध्ये तेवढा पिच टाका, कारण ३ अंश हा या मशीनला छोटा आकडा नाही.

आता कोड. कॅनडात टेम्पलिनने १९७४ ला अख्ख्या रोटरला एकच स्ट्रीमट्यूब धरून मॉडेल दिलं, मग स्ट्रिकलंडने १९७५ ला सँडियासाठी बऱ्याच समांतर स्ट्रीमट्यूब केल्या, आणि पॅराशिव्हॉयूने १९८१ ला रोटरचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग केले कारण मागच्या ब्लेडला पुढच्याने वापरून टाकलेला वारा मिळतो. तुम्ही हेच तिसरं लिहिलंय. यात चुका कुठे होतात ते माझ्या अनुभवातून सांगतो. अल्फा काढताना साधा एटॅन (टॅनचं इनव्हर्स फंक्शन) वापरला असेल तर लॅम्डा १ च्या खाली सगळं चुकतं, तिथे ब्लेडला मागून हवा येते आणि कोन ९० च्या पुढे जातो, एटॅन२ पाहिजे, स्टार्टिंग टॉर्क चुकीचा येण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. स्ट्रीमट्यूबची रुंदी साइन थीटाने गुणायची असते, त्यामुळे शून्य आणि १८० अंशांजवळ भागाकार शून्याकडे जातो, ग्रिड बरोबर त्या कोनांवर ठेवू नका, अर्धी पायरी सरकवा. मागच्या अर्ध्या भागात येणारा वारा म्हणजे पुढच्या भागाच्या वेकचा (मागे राहणाऱ्या मंदावलेल्या हवेचा) पूर्ण मोकळा झालेला वारा, म्हणजे १ उणे २ए (ए म्हणजे इंडक्शन, रोटरपाशी वारा जितक्या भागाने मंदावतो तो), काही जण १ उणे ए टाकतात आणि मागच्या भागाला फुकटची पॉवर मिळते. ब्लेडची संख्या गुणताना प्रत्येक ब्लेड त्या स्ट्रीमट्यूबमध्ये फेऱ्याचा किती वेळ असतं तो भाग धरायचा असतो. आणि इंडक्शन ए ०.४ च्या पुढे गेला की साधी मोमेंटम थिअरी चालत नाही, ०.५ ला तर थ्रस्ट कोएफिशंट १ होऊन परत खाली यायला लागतो जे खऱ्या रोटरला होत नाही, तिथे ग्लॉअर्टची करेक्शन घालावीच लागते. तुमच्या कोडमध्ये कन्व्हर्ज न झालेल्या ठिकाणी ए ला जबरदस्तीने ०.५ केलंय का ते बघा, तसं असेल तर जास्त लॅम्डाची बाजू सगळी बनावट आहे.

सॉलिडिटीची (ब्लेडनी रोटरचा किती भाग व्यापलाय त्याची) व्याख्या पण तपासा. ब्लेड गुणिले कॉर्ड भागिले त्रिज्या घेतली तर तुमची ०.६, व्यास घेतला तर ०.३. दोन्ही व्याख्या छापील पेपरमध्ये आहेत आणि दुसऱ्याच्या ग्राफशी तुलना करताना यात गोंधळ झाला की दुपटीचा फरक पडतो.

स्ट्रीमट्यूबच्या पुढे जायचंच असेल तर मधला रस्ता आहे, मॅडसनचं अ‍ॅक्च्युएटर सिलिंडर किंवा क्यूब्लेडमधली लिफ्टिंग लाइन फ्री व्हॉर्टेक्स वेक. नवीन रोटर असेल तर मी स्वतः दुसरं वापरतो. ब्लेडच्या टोकाला सुटणारे भोवरे, मागच्या ब्लेडवर पडणारा वेक, वारा तिरका येणं हे सगळं त्यात येतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. तुमच्या ब्लेडची उंची कॉर्डच्या साडेबारा पट आहे, म्हणजे टोकांचा तोटा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पण बघा, पोलर यालाही तुम्हीच द्यायचेत. पोलर चुकीचे असतील तर हेही चुकीचंच सांगणार, फक्त जास्त सुंदर चित्रासकट.

आणि सीएफडी. गाईडचं म्हणणं चूक नाहीये, पण फायनल इयरला जे सीएफडी होतं ते बहुतेक टू-डी असतं, त्यात टोकं नाहीत, आर्म नाहीत, शाफ्ट असला तर असला. म्हणजे तुमची ज्या गोष्टींनी हानी झालीय नेमक्या त्याच गोष्टी त्यात नाहीत. ते परत ०.४ च्या जवळचं काहीतरी देईल आणि तुम्हाला वाटेल कोड बरोबर आहे, मग अजून दोन महिने गच्चीवर चूक शोधाल. करायचंच तर एका स्टेपमध्ये रोटर ०.१ ते ०.५ अंशच फिरू दे, स्टॉल जास्त असेल तितकी स्टेप लहान, वाय-प्लस (ब्लेडलगतच्या जाळीच्या बारीकपणाचा आकडा) १ च्या खाली, एसएसटी हे टर्ब्युलन्स मॉडेल, आणि तुमच्या रेनॉल्ड्सला ट्रान्झिशन असलेलं एसएसटी. डोमेनची रुंदी व्यासाच्या २० पट तरी, नाहीतर बाजूच्या भिंती हवा रोटरमधून ढकलतात आणि सीपी फुगतो. तीन-चार फेरे करून रिझल्ट घेऊ नका. तुमच्या एका फेऱ्याला पाव सेकंद लागतो, तेवढ्यात मोकळा वारासुद्धा दीड मीटरच पुढे जातो, म्हणजे तीन फेऱ्यांत वेक चार व्यासही लांब झालेला नसतो. २० ते ३० फेरे तरी होऊ द्या आणि सीपी एका फेऱ्यातून दुसऱ्यात बदलायचा थांबला का ते बघा.

सुरू न होण्याबद्दल. हा तुमच्या रोटरचा दोष कमी आणि डॅरियस प्रकाराचा (लिफ्टवर फिरणाऱ्या उभ्या अक्षाच्या रोटरचा, तुमचा एच-रोटर त्यातलाच) स्वभाव जास्त आहे. जॉर्ज डॅरियसने १९२० च्या दशकात पेटंट घेतलं तेव्हापासून हा प्रश्न आहे, मोठी मशीन ग्रिडवरून जनरेटरलाच मोटरसारखं चालवून सुरू करायचे. उभ्या रोटरला ६ च्या वाऱ्यात रेनॉल्ड्स ४५,००० असतो, ब्लेड बहुतेक कोनांना पूर्ण स्टॉलमध्ये, आणि लॅम्डा १ च्या अलीकडे एक पट्टा असा असतो की सरासरी टॉर्क शून्याजवळ किंवा उणे येतो. आकड्यात बघा, ४ च्या वाऱ्यात तुमच्या मापाला टॉर्क म्हणजे ९.४ न्यूटन-मीटर गुणिले टॉर्क कोएफिशंट, तो ०.०२ धरला तर ०.१९ न्यूटन-मीटर. आता जनरेटरच्या शाफ्टला दोरी गुंडाळून वजन लावा आणि कॉगिंग (मॅग्नेट लोखंडी कोअरला धरून ठेवतात तो अडकाव) सुटायला किती टॉर्क लागतो ते मोजा. पर्मनंट मॅग्नेट जनरेटरचं कॉगिंग ०.१९ पेक्षा जास्त निघालं तर ब्लेडमध्ये काहीही बदल करून उपयोग नाही, जनरेटर बदला किंवा कोअरलेस घ्या. शाफ्टवर सॅव्होनियस (ड्रॅगवर फिरणारा अर्ध्या ड्रमचा रोटर) बसवायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच, सुरू होईल नक्की, पण लॅम्डा २ ला तो ड्रॅग होऊन बसतो, म्हणून लहान व्यासाचा ठेवला तरच.

मोजणीही तपासा. तुम्ही पॉवर बॅटरीच्या बाजूला मोजलीय, म्हणजे ब्रिज रेक्टिफायरच्या दोन डायोडचे १.४ व्होल्ट आधीच गेले, १२ व्होल्टच्या सिस्टिमला ते १० टक्क्यांहून जास्त, वर जनरेटरचा तोटा. कोडचा सीपी हा शाफ्टचा आहे, तुमचा बॅटरीचा, दोघांची तुलना थेट होत नाही. आणि वाऱ्याचा वेग घनात जातो, अ‍ॅनिमोमीटर १० टक्के जास्त दाखवत असेल तर सीपी पाऊणपटच दिसतो. तो कठड्याजवळ आहे की रोटरच्या मध्याच्या उंचीला? एका मिनिटाच्या सरासऱ्या घ्या, लहान टर्बाइनच्या आयईसी (आंतरराष्ट्रीय मानकाच्या) चाचणीतही तेच करतात, आणि अर्धा-अर्धा मीटर प्रति सेकंदाचे गट करून मांडा.

एक काळजीची गोष्ट, कृपया हे गांभीर्याने घ्या. एका ब्लेडचं वजन ८०० ग्रॅम धरलं तर २३९ आरपीएमला त्याला बाहेर खेचणारं बळ ३०० न्यूटन, ३० किलो वजन टांगल्यासारखं. वारा १२ झाला आणि लोड निघाला तर आरपीएम दुप्पट आणि बळ चौपट, १२० किलो, आणि त्यावर हवेचा लोड प्रत्येक फेऱ्यात आतबाहेर होतो. आठ तासांत एक लाखाहून जास्त सायकल होतात. कॅलिफोर्नियात फ्लोविंड कंपनीच्या डॅरियस मशीनची अ‍ॅल्युमिनियमची ब्लेड फटीगनेच (पुन्हापुन्हा येणाऱ्या ताणाने तडे जाऊन) गेली होती आणि ती अनुभवी लोकांनी बनवलेली होती. जनरेटर शॉर्ट करून ब्रेक लावणं हा एकमेव उपाय ठेवू नका, वायर तुटली की संपलं. मेकॅनिकल ब्रेक हवाच, आणि रोटर फिरत असताना त्याच पातळीवर कोणी उभं राहायचं नाही, मी एकदा एका ठिकाणी सुटलेलं ब्लेड भिंतीत घुसलेलं बघितलंय.

आता उद्या काय कराल ते सांगतो. ब्लेड काढा, आर्म आणि शाफ्ट तसेच ठेवा, ब्लेडच्या जागी टोकाला तेवढ्याच वजनाचे छोटे गोल तुकडे घट्ट बोल्ट करा. ही टेस्ट वर्कशॉपमध्ये बंद दारात, जनरेटरचं कपलिंग सोडून, जाळीच्या मागे करायची. ड्रिलने ३०० आरपीएमपर्यंत फिरवा, सोडून द्या, आणि फोनच्या स्लो मोशनने किंवा हॉल सेन्सरने आरपीएम कसा उतरतो ते नोंदवा. इनर्शिया तुम्हाला वजन आणि त्रिज्येवरून काढता येतो, त्याला उतरण्याच्या वेगाने गुणलं की टॉर्क. तो टॉर्क ओमेगाच्या वर्गासमोर मांडला की सरळ रेषा यायला हवी, रेषा जिथे उभ्या अक्षाला लागते ते बेअरिंगचं घर्षण आणि उतार म्हणजे आर्मचा ड्रॅग. माझ्या हिशोबाप्रमाणे २५ रेडियन प्रति सेकंदाला आर्मचा टॉर्क १.६ न्यूटन-मीटरच्या जवळ यायला हवा, टोकाच्या तुकड्यांमुळे थोडा जास्त. मग फेअरिंग चढवून परत तीच टेस्ट करा. हे दोन उतार, एक्सफॉइलचे पोलर आणि बोल्टची जागा एवढं हातात आलं की कोड परत चालवा, आणि शिखर लॅम्डा २ च्या आसपास, शाफ्टवर ०.२ च्या जवळ आलं नाही तर वर सांगितलेल्या ओळी एकेक करून तपासायला घ्या, सुरुवात एटॅन२ पासून.